गादी आणि मान : कॅथेड्रल कोणते, बॅसिलिका कोणती?



या वेळचा पाठ एका चुकीपासून सुरू करायचा आहे. चूक माझी आहे.

मागच्या सत्रात जगाच्या इतिहासाच्या घटक चाचणीत मी एका गुणाचा प्रश्न घातला होता : ‘पोपचे कॅथेड्रल कोणते?’ जवळजवळ सगळ्या वर्गाने ‘सेंट पीटर्स’ असे लिहिले आणि मी सगळ्यांना बरोबरची खूण दिली. एकाच कॅडेटने ‘सेंट जॉन लॅटरन’ लिहिले होते. त्याला मी फुली मारली. संध्याकाळी प्रेपनंतर तो पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. ‘‘सर, सेंट पीटर्स बॅसिलिका आहे, कॅथेड्रल नाही,’’ तो म्हणाला. मी उत्तर दिले, ‘‘बॅसिलिका कॅथेड्रलपेक्षा वरची. म्हणजे कॅथेड्रल त्यात आलेच.’’ तो ‘‘येस सर’’ म्हणून गेला. रात्री मला स्वस्थ बसवेना, म्हणून वाचनालयातून पुस्तके काढून पाहिली. त्याचे उत्तर बरोबर होते. माझे उत्तर चूक होते, आणि मी दिलेले कारण त्याहून चूक होते.

कॅथेड्रल आणि बॅसिलिका या एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या आहेत, असे मी धरून चाललो होतो. बरेच लोक तसेच समजतात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हांला हे समजायला फारसे जड जाऊ नये, कारण हाच भेद तुम्ही रोज परेड ग्राउंडवर पाहता.

हे शिकायचे कशाला, असे कोणी विचारील. तुमच्यापैकी अनेक जण उद्या अधिकारी व्हाल. पलटणीत सर्वधर्मस्थळ असते आणि हाताखाली सर्व धर्मांचे जवान असतात. कोणी रजेचा अर्ज करताना वेलंकनीचे नाव घेईल, कोणी बांद्र्याच्या जत्रेचे. त्यांच्या श्रद्धास्थानाचे नाव आणि त्याचा मान आपल्याला नीट माहीत असणे, हा त्या जवानाला दिलेला आदरच आहे.

हुद्दा, नेमणूक आणि मान

आधी आपल्या घरच्या गोष्टी पाहू. लखनौ छावणीत भारतीय सेनेच्या मध्य कमानचे मुख्यालय आहे. तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल असतात. ‘लेफ्टनंट जनरल’ हा हुद्दा. ‘मध्य कमानचे प्रमुख’ ही नेमणूक. त्याच हुद्द्याचे दुसरे अधिकारी दुसरीकडे वेगळ्या कामावर असतात. नेमणूक बदलली की काम आणि अधिकार बदलतात, खांद्यावरची चिन्हे तीच राहतात.

तिसरी गोष्ट आहे मानाची. आपल्याच शहरातल्या ला मार्टिनियर कॉलेजचे उदाहरण घ्या. १८५७ मध्ये रेसिडेन्सीच्या वेढ्यात तिथल्या मुलांनी आणि शिक्षकांनी जे काम केले, त्यासाठी त्या शाळेला पुढे युद्धसन्मान मिळाला. असा सन्मान एरवी पलटणींना मिळतो, शाळांना नाही. पण त्यामुळे ती शाळा पलटण झाली नाही, आणि लखनौच्या दुसऱ्या कोणत्याही शाळेवर तिचा हुकूम चालू लागला नाही. आपल्याकडे जे हाऊस कॉक हाऊस ठरते, त्याचा झेंडा वर्षभर मिरवतो. तेवढ्याने त्याचा कॅप्टन दुसऱ्या हाऊसला फॉलिन करायला लावू शकत नाही.

पालकांसाठी घरातले उदाहरण द्यायचे तर पुण्याचे मानाचे गणपती आठवा. विसर्जनाच्या मिरवणुकीत कसबा गणपती पहिला निघतो, कारण तो मानाचा पहिला. म्हणून कसब्याचे मंडळ इतर मंडळांचा कारभार पाहते असे नाही. मान खरा असतो, सर्वांना मान्य असतो, पण तो अधिकार नसतो.

आता हाच हिशेब कॅथलिक चर्चला लावू. कॅथेड्रल ही नेमणूक आहे. बॅसिलिका हा मान आहे. या पाठात एवढे एक वाक्य पक्के झाले, की बाकीचे सगळे त्यावरून उलगडते.

कॅथेड्रल : जिथे गादी, तिथे कॅथेड्रल

कॅथलिक व्यवस्थेत पायाला असतो धर्मग्राम, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेली वस्ती आणि तिचे चर्च. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. धर्मप्रांताचा प्रमुख बिशप. काही महत्त्वाच्या धर्मप्रांतांच्या प्रमुखाला आर्चबिशप म्हणतात.

बिशपचे एक आसन असते. त्यावर बसून तो शिकवण देतो आणि उपासनेचे नेतृत्व करतो. ग्रीक भाषेत आसनाला ‘कॅथेड्रा’ म्हणतात. ज्या चर्चमध्ये हे आसन आहे ते कॅथेड्रल. आपल्या मराठीत ‘गादी’ हा शब्द जसा नुसत्या कापसाच्या गादीसाठी नसून अधिकारासाठीही आहे, तसाच हा शब्द. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी म्हणताना आपण फर्निचरबद्दल बोलत नसतो.

लखनौचा धर्मप्रांत १९४० मध्ये स्थापन झाला. त्याच्या बिशपची गादी हजरतगंजमधल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये आहे. म्हणून ते कॅथेड्रल. नाताळच्या रात्री सर्व धर्मांचे लखनौकर तिथे गर्दी करतात आणि तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. ते बॅसिलिका नाही. त्यामुळे त्यात काही उणे नाही. लखनौ धर्मप्रांतातले पहिले चर्च तेच.

इमारत तीच राहून कॅथेड्रल कसे होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचे आवर लेडी ऑफ ग्रेस हे जुने चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले. भिंती त्याच, वेदी तीच, मराठीत प्रार्थना करणारी माणसेही तीच. बदलली ती नेमणूक. उलटही घडते. धर्मप्रांताची पुनर्रचना झाली, गादी दुसरीकडे गेली, तर जुने कॅथेड्रल पुन्हा साधे चर्च होते.

एका धर्मप्रांतात साधारणपणे गादीचे चर्च एकच. कधी कधी दोन ठिकाणी गादी मांडतात. तेव्हा दुसऱ्याला को-कॅथेड्रल म्हणतात. तात्पुरत्या व्यवस्थेला प्रो-कॅथेड्रल म्हणतात. पण मूळ प्रश्न प्रत्येक वेळी एकच : बिशपची गादी कुठे आहे?

बॅसिलिका : शब्द आणि मान

‘बॅसिलिका’ हा शब्द ग्रीक ‘बॅसिलेउस’ म्हणजे राजा यावरून आला. प्राचीन रोममध्ये बॅसिलिका म्हणजे मोठी सार्वजनिक इमारत : लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल कोनाडा. तिथे न्यायनिवाडा चाले, व्यापारी सौदे करत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि मोठी चर्चे बांधायची वेळ आली. तेव्हा शेकडो माणसे मावतील असा हाच नमुना हाताशी होता. त्यामुळे स्थापत्याच्या पुस्तकात ‘बॅसिलिका’ म्हणजे इमारतीचा आकार.

इथे सावध राहा. स्थापत्यातली बॅसिलिका वेगळी आणि चर्चच्या व्यवहारातली बॅसिलिका वेगळी. लांब दालन आणि खांबांच्या रांगा असलेले चर्च मानाने बॅसिलिका असेलच असे नाही. आणि मानाची बॅसिलिका गोल, चौकोनी, कशीही असू शकते. हा मान फक्त पोपच्या अधिकाराने मिळतो. मध्य इटलीतल्या तोलेंतीनो गावच्या सेंट निकोलस चर्चला १७८३ मध्ये असा मान मिळाला. पोपच्या हुकमाने मायनर बॅसिलिका करण्याची रीत तिथून सुरू झाली असे मानतात. १९१७ च्या चर्च-कायद्यात नियम स्पष्ट झाला : पोपची मंजुरी किंवा अतिप्राचीन वहिवाट असल्याशिवाय कोणत्याही चर्चने हे नाव लावू नये.

आज रीत अशी आहे. बिशप आपल्या धर्मप्रांतातल्या चर्चची शिफारस करतो. त्या देशाच्या बिशप परिषदेची संमती लागते. मग अर्ज रोमला उपासनाविधींच्या खात्याकडे जातो. तिथे मंजूर झाला तर पोपच्या अधिकाराने हुकूम निघतो. ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ म्हणजे काय हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. १९८९ च्या नियमांनुसार साधारण या गोष्टी पाहतात : चर्चचे विधिपूर्वक समर्पण झालेले असावे; ते प्रशस्त असावे; तिथली उपासना नमुनेदार चालत असावी; गायनाची सोय चांगली असावी; पुरेसे धर्मगुरू असावेत; आणि त्या चर्चला इतिहास, संताचे अवशेष किंवा लोकांच्या भक्तीची मूर्ती यामुळे धर्मप्रांतात नाव असावे.

मान मिळाला की खुणा मिळतात. पहिली खूण छत्र. तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचे रेशमी छत्र अर्धवट उघडे ठेवलेले असते. पोप आले तर ते पूर्ण उघडायचे, असा त्याचा अर्थ सांगतात. राजाच्या डोक्यावरचे छत्र आपल्याला नवे नाही. दुसरी खूण काठीवर बसवलेली छोटी घंटा, जी मिरवणुकीत पुढे नेत असत. तिसरी खूण पोपच्या चिन्हातल्या एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन किल्ल्या. बॅसिलिकेच्या निशाणावर, सामानावर, शिक्क्यावर त्या वापरता येतात. एखाद्या चर्चमध्ये वेदीजवळ अर्धे मिटलेले पट्ट्यांचे छत्र दिसले, तर फलक न वाचताही ओळखा की ही बॅसिलिका आहे.

मानाबरोबर कामही येते. बॅसिलिकेने २२ फेब्रुवारीचा सेंट पीटरच्या गादीचा सण, २९ जूनचा सेंट पीटर व सेंट पॉल यांचा सण आणि पोपच्या कारकिर्दीचा वर्षदिन विशेष रीतीने साजरा करायचा असतो. पोपची शिकवण लोकांपर्यंत पोहोचवायची असते. भाविकांच्या पापनिवेदनासाठी धर्मगुरू उपलब्ध ठेवायचे असतात. थोडक्यात, मान म्हणजे पोपशी जोडलेले नाते, आणि नाते निभवावे लागते. मात्र बॅसिलिका झाल्याने ते चर्च बिशपच्या हुकमाबाहेर जात नाही. शेजारच्या धर्मग्रामावर तिचा कसला अधिकारही येत नाही.

मेजर आणि मायनर

मानाच्या दोन प्रती आहेत : मेजर बॅसिलिका आणि मायनर बॅसिलिका. हा ‘मेजर’ कॅप्टनच्या वरचा नव्हे, पण शब्द तोच. लॅटिनमध्ये ‘मेजर’ म्हणजे मोठा आणि ‘मायनर’ म्हणजे धाकटा.

मेजर बॅसिलिका साऱ्या जगात फक्त चार आणि चारही रोमच्या :

१. सेंट जॉन लॅटरन. चौथ्या शतकातली. रोमच्या बिशपची, म्हणजे पोपची गादी इथे आहे. म्हणून पोपचे कॅथेड्रल हेच. चौघींत पहिला मानही हिचाच. हिला आर्चबॅसिलिका म्हणतात.

२. सेंट पीटर्स, व्हॅटिकन. आजची इमारत १५०६ ते १६२६ या काळात उभी राहिली. जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक, पण बिशपची गादी इथे नाही.

३. सेंट पॉल, रोमच्या जुन्या तटाबाहेरची. १८२३ मध्ये आगीत जळाली, पुन्हा बांधून १८५४ मध्ये तिचे समर्पण झाले.

४. सेंट मेरी मेजर. माता मरियेच्या नावाची. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे दफन इथे झाले, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल.

या चारही ठिकाणी एक ‘पवित्र द्वार’ आहे. ते एरवी बंद असते आणि साधारण दर पंचवीस वर्षांनी येणाऱ्या पवित्र वर्षात उघडते. २०२५ हे तसे वर्ष होते. त्याच वर्षी नवे पोप लिओ चौदावे निवडून आले. निवड झाल्यावर लोकांसमोर ते सेंट पीटर्सच्या सज्जात आले. पण रोमचे बिशप म्हणून गादीवर बसायला मे महिन्यात त्यांना सेंट जॉन लॅटरनला जावे लागले. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या एका प्रसंगात होते. मी बातमी पाहिली होती, पण नीट पाहिली नव्हती.

बाकी सगळ्या मायनर बॅसिलिका. जगात त्या अठराशेहून अधिक आहेत. त्यांपैकी पाचशेहून अधिक एकट्या इटलीत आहेत आणि भारतात तीसहून अधिक. असिसी गावातल्या दोन बॅसिलिकांना ‘पोपची बॅसिलिका’ असे खास नाव आहे, पण त्या मेजरमध्ये मोजत नाहीत.

जुने गोवे : समोरासमोर

हा सगळा पाठ एका जागी उभे राहून पाहायचा असेल तर जुन्या गोव्याला जा. एका रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूला बॉम जीझस बॅसिलिका.

से कॅथेड्रल पांढरे, अवाढव्य. त्याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये इमारत पुरी झाली. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतले. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून चर्चला तिचे नाव. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून आज ते एका बाजूला तोकडे दिसते. उरलेल्या मनोऱ्यात सुवर्णघंटा म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. पोर्तुगीजमधला ‘से’ हा शब्दही आसनावरूनच आला आहे. म्हणजे ‘से कॅथेड्रल’ म्हणताना आपण ‘गादी’ दोनदा म्हणतो. गोव्याच्या आर्चबिशपची गादी इथे आहे.

समोरचे बॉम जीझस तांबूस जांभ्या दगडाचे, आकाराने लहान. पायाभरणी १५९४, समर्पण १६०५. इथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर चांदीच्या पेटीत ठेवले आहे. ती पेटी गोव्याच्याच कारागिरांनी सतराव्या शतकात घडवली. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या ड्यूकने पाठवला आणि तो १६९८ मध्ये बसवला गेला. संताचे शरीर साधारण दहा वर्षांनी एकदा लोकांच्या दर्शनासाठी बाहेर आणतात. अलीकडे ते नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात आणले होते. १९४६ मध्ये या चर्चला मायनर बॅसिलिकेचा मान मिळाला.

आता विचारा, मोठे कोणते? गादी पाहायची तर से कॅथेड्रल. मान आणि भाविकांची गर्दी पाहायची तर बॉम जीझस. ‘मोठे कोणते’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कशात मोठे’ हे आधी विचारले पाहिजे.

बांद्र्याची मोत माउली

मुंबईतही हाच प्रकार. मुंबईच्या आर्चबिशपची गादी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे. पण मुंबईत कोणालाही चर्चचे नाव विचारा, तो बहुधा बांद्र्याचे माउंट मेरी सांगेल. कोळी बांधव तिला ‘मोत माउली’ म्हणतात. मरियेची मूर्ती समुद्रात गेली आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडली, अशी कथा त्यांच्यात सांगतात. सध्याची इमारत १९०४ च्या सुमाराची. तिचे वास्तुकार पारशी होते. सप्टेंबरमध्ये आठवडाभर बांद्र्याची जत्रा भरते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे मेणाच्या मेणबत्त्या, मेणाची घरे, मेणाचे हातपाय घेऊन टेकडी चढतात. १९५४ मध्ये या चर्चला बॅसिलिकेचा मान मिळाला. म्हणजे लोकांनी आधी मान दिला, हुकूम मागून आला.

सरधना : एका सेनापतीची बॅसिलिका

आपल्या उत्तर प्रदेशातली प्रसिद्ध बॅसिलिका सरधन्याला आहे, मेरठपासून सुमारे वीस किलोमीटरवर. आपल्यासारख्यांनी ती आवर्जून पाहावी, कारण ती एका सेनापतीने बांधली, आणि तो सेनापती एक स्त्री होती.

वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ सोंब्र हा युरोपी भाडोत्री सरदार १७७८ मध्ये आग्र्याला वारला. त्याची फौज कोणी सांभाळायची हा प्रश्न होता. ती फौज बेगम समरूने आपल्या हाती घेतली आणि सरधन्याची जहागीर चालवली. १७८१ मध्ये तिने कॅथलिक धर्म स्वीकारला. बादशहा शाह आलम दुसरा याच्या मदतीला ती फौजेसह धावून गेली होती. महाराष्ट्राशीही तिचा संबंध आहे. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसले आणि वेलस्ली यांची लढाई झाली, तेव्हा शिंद्यांच्या बाजूला बेगमच्या पलटणी होत्या. त्या दिवशी शिंद्यांच्या कवायती फौजेची धूळधाण झाली, पण बेगमच्या पलटणी मोठ्या नुकसानीशिवाय निघून आल्या.

पुढे शांततेच्या काळात तिने सरधन्याला चर्च बांधायला घेतले. नकाशा तिच्याच फौजेतल्या अँतोनियो रेगेलिनी या इटालियन अधिकाऱ्याचा. १८२२ मध्ये काम पुरे झाले. दोन उंच निमुळते मनोरे, मधे घुमट, आत रंगीत दगडांची जडावाची संगमरवरी वेदी. आग्र्याचा ताज पाहिलेल्याला ते जडावकाम लगेच ओळखीचे वाटते. बेगम १८३६ मध्ये वारली. तिची समाधी याच चर्चमध्ये आहे आणि तिच्यावरचा पुतळ्यांचा समूह अदामो तादोलिनी या इटालियन शिल्पकाराने घडवला.

आता आपल्या विषयाकडे. १८३४ मध्ये पोपने सरधन्यासाठी वेगळा बिशप नेमला, आणि हे चर्च गादीचे चर्च झाले. तो पहिला बिशप आणि शेवटचाही. त्याच्यानंतर सरधन्याला गादी राहिली नाही. आज सरधना मेरठ धर्मप्रांतात आहे. पण १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या चर्चला मायनर बॅसिलिकेचा मान दिला. गोवा मुक्त झाले तेच साल, म्हणून लक्षात ठेवायला सोपे.

म्हणजे या एका इमारतीने दोन्ही गोष्टी अनुभवल्या. आधी नेमणूक आली आणि गेली. मग मान आला आणि राहिला. गादी गेली म्हणून कोणी चर्च सोडून गेले नाही. आजही नोव्हेंबरच्या यात्रेला तिथे दूरदूरचे लोक येतात, आणि त्यांतले पुष्कळसे ख्रिस्ती नसतात.

दोन्ही एकत्र, आणि तिसरी गोष्ट

एकाच अधिकाऱ्याकडे नेमणूकही असते आणि छातीवर पदकही असते. तसेच एखादे चर्च कॅथेड्रलही असते आणि बॅसिलिकाही. चेन्नईचे सॅन थोम (मान १९५६ चा) आणि कोचीचे सांता क्रूझ (१९८४ चा) ही दोन्ही तशी आहेत. बंगळुरूत मात्र दोन्ही वेगळी : गादी सेंट फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलमध्ये, बॅसिलिकेचा मान १९७३ पासून शिवाजीनगरच्या सेंट मेरीकडे. तमिळनाडूतली वेलंकनी १९६२ पासून आणि बंगालमधले बँडेल १९८८ पासून बॅसिलिका आहे. गादी दोन्हीकडे नाही.

फलकावर आणखी एक शब्द दिसतो : ‘श्राइन’, म्हणजे तीर्थस्थान. भाविक खास यात्रेला येतात असे स्थळ. त्याला मान्यता स्थानिक बिशपची असते, राष्ट्रीय म्हणायचे तर बिशप परिषदेची, आणि आंतरराष्ट्रीय म्हणायचे तर रोमची. हा वर्ग यात्रेवरून ठरतो, गादीवरून किंवा छत्रावरून नव्हे.

तेव्हा कोणत्याही चर्चपुढे उभे राहिलात तर क्रमाने चार प्रश्न विचारा :

१. हे कोणत्या धर्मप्रांतात आहे?
२. त्या बिशपची गादी इथे आहे का? असेल तर कॅथेड्रल.
३. पोपच्या अधिकाराने मान मिळाला आहे का? असेल तर बॅसिलिका. रोमच्या चार सोडून सगळ्या मायनर.
४. लोक यात्रेला येतात आणि तशी मान्यता आहे का? असेल तर तीर्थस्थान.

चारही उत्तरे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकावरून दुसरे गृहीत धरू नका. मी तेच केले होते.

शेवटी त्या एका गुणाबद्दल. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी वर्गासमोर पेपर परत मागवले आणि ‘सेंट जॉन लॅटरन’ लिहिणाऱ्याचा गुण त्याला दिला. इतरांचे गुण कापले नाहीत, कारण त्यांना चुकीचे शिकवणारा मीच होतो. त्या संध्याकाळी स्टाफरूमच्या दारात हुद्दा माझा होता आणि बरोबर उत्तर त्याचे होते. मी हुद्द्याच्या जोरावर त्याला परत पाठवले. त्याने आवाज चढवला नाही, पण आपले उत्तर खोडूनही टाकले नाही. पालकांना एवढेच सांगतो : तुमचा मुलगा वरिष्ठांपुढे अदबीने आणि ठामपणे बरोबर गोष्ट सांगत असेल, तर ते उद्धटपण समजू नका. पुढे त्याला त्याचीच गरज पडणार आहे.

स्वाध्याय

१. लखनौचे सेंट जोसेफ आणि सरधन्याचे चर्च यांतला फरक ‘नेमणूक’ आणि ‘मान’ हे शब्द वापरून चार ओळींत लिहा.
२. सेंट पीटर्स हे पोपचे कॅथेड्रल का नाही?
३. वसईतल्या पापडीच्या चर्चच्या बाबतीत १९९८ मध्ये काय बदलले आणि काय बदलले नाही?
४. एखाद्या चर्चमध्ये अर्धे मिटलेले छत्र दिसले, तर त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही?
५. सुट्टीत तुमच्या गावाजवळच्या चर्चला भेट द्या, वरचे चार प्रश्न तिथल्या धर्मगुरूंना अदबीने विचारा आणि उत्तरे वहीत लिहून आणा.